नारळवाला पिक्चर आणि इंटरवल तात्या

तात्यांना एकाही पिक्चरचं नाव सांगता यायचं नाही. तमिळ आणि तेलुगू मिळून त्यांनी किती पिक्चर पाहिले असतील देव जाणे, पण थेटरावरची पाटी वाचता येत नसल्यामुळे सगळ्यांचं बारसं त्यांनीच केलेलं होतं. मिठाचा, बैलवाला, दोन भावांचा, मिशीवाला दुसरा. मिशीवाला पहिला कुठला असं विचारलं की म्हणायचे, "तो पडेल हुता. त्याचा इषय काढू नको."

तात्या माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. सोनईकडचा कांदा ट्रकमध्ये भरायचा आणि हैदराबादला नाहीतर मद्रासला नेऊन खाली करायचा, यात त्यांची वीस वर्षं गेली. चेन्नई हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. मार्केटात आपल्या गाडीचा नंबर लागेपर्यंत बाकीचे ड्रायव्हर सावली बघून झोपायचे, तात्या क्लीनरला गाडीवर बसवून थेटर गाठायचे. भाषा कामापुरती, म्हणजे डिझेल, पंक्चर आणि जेवण इतकीच. मग कळतं कसं, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "रडनारं मानूस कळायला भाषा लागती व्हय?"

आवड मात्र पारखून घेतलेली होती. "तेलुगूतला हिरो भुईवर पाय आपटतो अन् जीप उडती. तमिळवाला त्याच भुईवर मांडी घालून जेवतो. मला जेवनारा आवडतो," असं म्हणायचे. तरी पिक्चर सांगताना जीप उडवायची वेळ आली की तेही उठून उभे राहायचे, आणि एकदोन कांदे कांदाचाळीच्या पत्र्यावर जाऊन आदळायचे.

चाळ आमची. साठवलेल्या कांद्यातला सडका बाजूला काढायला तिथं आठ-दहा बायका बसायच्या. तात्या गावी असले की दुपारी येऊन पालथ्या क्रेटवर बसायचे आणि पिक्चर सुरू करायचे. गाणीसुद्धा गाळायचे नाहीत. शब्द येत नसल्यामुळे नुसत्या चालीवर हिरॉईन कुठल्या झाडामागून निघाली ते सांगायचे. वडील कधी कुरकुरले नाहीत, कारण पिक्चर चालू असला की एकही बाई पाणी प्यायलासुद्धा उठत नसे.

सगळ्यात जास्त मागणी नारळवाल्याला. नारळाची बैलगाडी हाकणारा एक भाऊ, आईबापामागं बहिणीला वाढवतो. बहीण स्वतःच्या मनानं लग्न करते. भाऊ तिचं नाव टाकतो, तिचं ताटसुद्धा विहिरीत फेकतो. वर्षं जातात. शेवटी एके दिवशी तो गाडी जुंपतो, तीन गावं ओलांडून तिच्या दारात जातो, उंबऱ्यावर बसतो आणि म्हणतो, "पानी दे." बस, एवढंच. इथं तात्या थांबायचे. बायकांचे हातही थांबायचे.

हा पिक्चर दरवेळी त्या बायकांतल्या हौसामावशी मागून घ्यायच्या. त्यांच्या लेकीनंही पळून जाऊन लग्न केलं होतं, आणि थोरल्या मुलानं आईलाही तिचं नाव घ्यायची बंदी घातली होती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मलाही होतं. म्हणून तर पुढचं सांगताना मला लाज वाटते.

मी तेव्हा राहुरीला शिकत होते. हातात नवा मोबाईल होता आणि डोक्यात नवं शहाणपण. होस्टेलवरच्या मैत्रिणींना मी नारळवाल्याची गोष्ट सांगितली, आणि दोन दिवस खटपट करून आम्ही तो पिक्चर हिंदी डबिंगमध्ये शोधून काढला. शेवट बघून मी चाटच पडले. भाऊ गाडी जुंपतो हे खरं, पण तो पोचायच्या आत बहीण मेलेली असते.

सुट्टीत घरी आले तर तात्या चाळीत, आणि नारळवाला नेमका उंबऱ्यापर्यंत आलेला. मी म्हणाले, "तात्या, तुमचा शेवट चुकला. ती मरते." आणि तेवढ्यावर न थांबता मोबाईल काढला. शेवटचा भाग लावला आणि या हातातून त्या हातात फिरवला. बायका थक्क होऊन बघत राहिल्या. तात्यांनी मात्र मोबाईलकडे पाहिलं नाही, एकदा हौसामावशींकडे पाहिलं.

मग हसून म्हणाले, "मला काय म्हाईत, पोरी? मी इंटरवलला उठायचो. गाडीला नंबर लागायचा ना. फुडचं आपलं लावून द्यायचो."

चाळ खदखदून हसली. मीही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. हौसामावशींनी फक्त विचारलं, "मग ते पानी मागायचं?"

"ते पिक्चरमध्ये नाहीच, मावशी," मी सांगितलं.

"बरं," म्हणून त्यांनी कांद्याची पुढची पाटी ओढली.

संध्याकाळपर्यंत तात्यांचं नाव इंटरवल तात्या पडलं. ते गावानं पाडलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले, पण पहिल्यांदा त्यांना त्या नावानं हाक मारणारी मीच. पुढं ते चाळीकडे फिरकले नाहीत. कधी रस्त्यात भेटले आणि मी म्हटलं, "एखादा नवीन सांगा की," तर म्हणायचे, "तुझ्या मोबाईलात पुरा येतो की गं." त्यात राग नसायचा. असता तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या वर्षी तात्या गेले. दहाव्याला मी काकूंजवळ, म्हणजे तात्यांच्या बायकोजवळ, बसले होते. बोलता बोलता नारळवाल्याचा विषय निघाला आणि मी माझी ती जुनी बहादुरी सांगून बसले. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "इंटरवलला? आगं, गाडीचं इंजन खोललं हुतं तवा आठ दिस तिथंच अडकलं हुतं ते. रोज त्योच पिक्चर बघितला, शेवटपतुर. घरी आले तर ती बहीन मेली म्हनून धड जेवंनात. मग म्हनले, हौसाला ह्यो सांगायचा, पन असा न्हाई सांगायचा."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. हौसामावशींची दया येऊन शेवट फिरवला हे भर चाळीत उघडं पडू नये, म्हणून त्यांनी स्वतःला अर्धवट ठरवून घेतलं, आणि त्या अर्धवटपणाचं नाव मरेपर्यंत मिरवलं. ते नाव मी दिलेलं होतं.

यंदा मी चाळीत गेले. हौसामावशी आता फार थकल्या आहेत, तरी बसतात. लेक अजून आलेली नाही. मी तात्यांसारखं पालथ्या क्रेटवर बसले आणि कुणी मागितलेला नसताना नारळवाला सांगायला घेतला. गाडी जुंपली, तीन गावं ओलांडली, भावाला उंबऱ्यावर आणून बसवलं.

"ऱ्हाऊ दे, वैशे," हौसामावशी कांद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मरती ती. तूच दावलंस न्हवं?"