बहात्तर मिलिमीटर

वेधशाळेत त्यांना सगळे मिलिमीटरकाका म्हणत. नाव त्यांनी कष्टाने कमावलेलं. तेहेतीस वर्षं रोज सकाळी साडेआठला ते आवारातल्या पर्जन्यमापकापाशी उकिडवे बसायचे, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचे, डोळा पाण्याच्या रेषेशी आणायचे आणि आकडा वहीत उतरवायचे. एकदा साहेब सहज म्हणाले, तीन पूर्णांक नऊ कशाला, चार लिहून टाका. काकांनी आठवडाभर साहेबांशी बोलणं टाकलं.

असा माणूस कविता करतो हे कुणाला पटत नसे, पण ते करायचे. आणि सगळ्या एकाच दिवसावर. नुकते नोकरीला लागले होते तेव्हा समोरच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या एका मुलीशी त्यांचं जमलं होतं. तिच्या वडिलांची बदली झाली आणि एका संध्याकाळी बसमध्ये बसून ती गेली, ती कायमचीच. कवितांमध्ये त्या संध्याकाळी अख्खं शहर बुडवणारा पाऊस पडतो. प्रत्येक नवी कविता आधी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ऐकावी लागे. त्या शेंगा सोलता सोलता ऐकत आणि "भिजली वाटतं पुन्हा" एवढंच म्हणत.

निवृत्ती जवळ आली तशी ऑफिसातल्या मंडळींनी या कवितांची पुस्तिका छापायची ठरवली. नव्या सहकारी बाईंनी सुचवलं, पहिल्या पानावर त्या दिवसाचा पाऊस छापू या, तारखेसकट, आपल्याच वहीतला. काका भलतेच खूश झाले. बहात्तर मिलिमीटर, त्यांना तोंडपाठ होतं. तरी न बघता आकडा लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून त्यांनी कपाटातून जुनी वही काढली.

त्या तारखेसमोर शून्य होतं. अक्षर त्यांचंच. आदल्या दिवशी शून्य, नंतरचे चार दिवस शून्य, चांगली आठवडाभर उघडीप. एका दशांशाचीही लबाडी न केलेल्या माणसाने जन्मभर न पडलेल्या पावसात एका मुलीला भिजवलं होतं. शून्य छापावं तर कविता खोट्या, बहात्तर छापावं तर आपण खोटे. पण मग बहात्तर आलं कुठून? ते पानं उलटत गेले आणि पुढच्या वर्षीच्या जुलैत ते सापडलं.

घरी येऊन बूटही न काढता त्यांनी काकूंना सगळं सांगून टाकलं. पुस्तिका नको, उद्याच नाही म्हणून सांगतो, असंही म्हणाले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"बहात्तर कधीचं म्हणालात?"

"एकोणीस जुलै. पुढच्या वर्षीचा."

काकूंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "अहो, त्या दिवशी तर आपण या घरात राहायला आलो."

सामानाची हातगाडी गल्लीच्या तोंडाशी अडकून बसली होती. काकांनी छत्री धरली होती, ती गादीवर. आणि त्यांची नवी बायको गुडघाभर पाण्यातून, चपला हातात घेऊन, हसत पुढे निघाली होती. काकांची पहिलीच कविता सुरू होत होती ती अशी:

गुडघाभर पाण्यातून तू गेलीस, हातात चपला,
शहर मागे उभं राहिलं, निथळत.

"म्हणजे ती बिचारी कोरडीच गेली," काकू म्हणाल्या.

काकांना हसू आलं नाही. ते त्या मुलीचा चेहरा आठवू बघत होते आणि दर खेपेला बायकोच डोळ्यांसमोर येत होती. तसं त्यांनी सांगूनही टाकलं.

काकूंनी हातातली शेंग परातीत टाकली. मग म्हणाल्या, "खरं सांगू? इतकी वर्षं मला तिच्या पावसाचा राग यायचा. वाटायचं, आपल्या वाट्याला असा एकही आला नाही."

काकांनी पिशवीतून टाइप केलेल्या कवितांचा गठ्ठा काढला आणि पहिल्या पानावर पेनाने लिहिलं: एकोणीस जुलै, बहात्तर मिलिमीटर.

काकूंनी शेंगांची परात बाजूला सारली आणि पदराला हात पुसले.

"आता वाचा," त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून."