ज्ञानूच्या गिरणीला जामीन

सोसायटीच्या ऑफिसात कर्जं वाटली जातात थोडी, किस्से साचतात ढीगभर! साठ सालाच्या आसपास मी कोळवणला सोसायटीचा सेक्रेटरी होतो. ज्ञानूच्या भातगिरणीचे किस्से आठवले, की मला आजही गप्प बसवत नाही.

\*

ज्ञानूला ऑइल इंजिनावरची गिरणी घालायची होती. अख्ख्या खोऱ्यात गिरणी नव्हती, बायका मुसळानं भात कांडायच्या. मी त्याला पुण्याच्या एका बँकेत नेलं.

"तारण काय?" मॅनेजर म्हणाले.

"इंजिनच ठेवा की!"

"पण इंजिन आहे कुठे?"

"तुमी कर्ज दिल्यावर येतंय न्हवं!"

मॅनेजरांनी चहा पाजला. कर्ज दिलं नाही.

\*

मग सोसायटीमार्फत अर्ज केला. कर्ज मंजूर करणारे इन्स्पेक्टर जागा बघायला आले. बघतात तर शेडला तोरण, दारात रांगोळी आणि आत नुसती जमीन!

"गिरणी सुरू पण झाली?" साहेब चक्रावले.

"न्हाई साहेब," ज्ञानूनं पेढे पुढं केले. "पण मुहूर्त लई झ्याक निघाला. इंजिनापायी कशाला सोडायचा?"

साहेब खो खो हसले, दोन पेढे खाल्ले आणि म्हणाले, "दोन जामीनदार द्या. संध्याकाळच्या एसटीपर्यंत मिळाले नाहीत, तर अर्ज नामंजूर!"

\*

एक सही ज्ञानूच्या मेव्हण्यानं केली. दुसरीसाठी मी गावभर पळालो. सकाळी पेढे खाणारे सगळे गायब! एकाची म्हैस व्यायला झालेली. दुसऱ्याचा हात दुखत होता.

"अहो, अंगठा चालेल!" मी ओरडलो.

"अंगठाच दुखतुया," तो म्हणाला.

ज्ञानूचं तोंड एवढंसं झालं. मला तर रडूच यायला लागलं.

\*

एसटीचा हॉर्न वाजला. साहेब पिशवी उचलणार, तेवढ्यात चिंधाबाई धापा टाकत आली. निम्म्या गावाचं भात तीच कांडायची, त्या मजुरीवर तिचं घर चालायचं. नवऱ्यामागं भातशेतीचं एक खाचर तेवढं तिच्या नावावर होतं.

"कुटं लावायचा अंगठा?"

"आक्के, गिरणी आली तर तुजं कांडप बंद पडंल गं!" ज्ञानूच म्हणाला.

साहेबही म्हणाले, "बाई, नीट विचार करा. तुमचं काम जाईल. यानं कर्ज थकवलं, तर खाचरही जाईल."

तिनं शाईत अंगठा बुडवला, कागदावर दाबून उमटवला आणि मग साहेबांकडं बघितलं.

"साहेब, पायलीभर भात कांडलंय का कदी?"