हनुवटीवरचा पदर

आत्या गेली त्या दिवशी मी शाळेत होते. भावाचा फोन आला तेव्हा दुपारचा तास चालू होता. मी खडू ठेवला, छत्री उघडली, जालन्याच्या बसस्थानकावर गेले आणि माहेरी जाणाऱ्या केदारखेड्याच्या बसमध्ये उजवीकडे बसले.

उजवीकडे बसायचं, हे आत्याचं. सकाळी जालन्याला येताना ऊन डावीकडून येतं आणि दुपारी परततानाही डावीकडूनच. माझ्या चेहऱ्यावर लेझर चालू होतं तेव्हा तिने हे शोधून काढलं होतं.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं लग्न झालं नाही. तिच्या हनुवटीवर केस होते आणि ते झाकायला ती पदराचं टोक दोन बोटांत धरून बोलायची. चहा पितानाही पदर तिथेच. लहानपणी आम्हाला वाटायचं, आत्याचा हातच तसा आहे. तिला बघायला आलेल्या माणसांबद्दल तिने मला एकदाच सांगितलं, "चहा घेतला त्यांनी. मंग गेले."

मी कॉलेजात असताना माझ्याही हनुवटीवर तसेच केस आले. आई म्हणाली, "आत्यावर गेली." आत्या उठून चुलीकडे गेली. पुढच्या आठवड्यात तिने मला जालन्यात, मस्तगडच्या एका दवाखान्यात लेझरने केस काढायला नेलं. वडिलांना एवढंच म्हणाली, "माझ्यावानी हिचं न्हाई होऊ देणार."

निघण्याआधी तिने हळद-बेसनाने माझा चेहरा चोळला. मुलीला चार माणसांत न्यायचं ते असंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरबाईंनी कापसाने हनुवटी पुसली. कापूस पिवळा झाला.

"हे काय लावलंय?"

"पाहुण्यापुढं न्यायची तर हळद लागती ना, म्याडम."

"मशीनपुढे काही लावून यायचं नाही. असंच केलं तर भाजेल, डाग राहील. आज राहू द्या."

आत्या खुर्चीतून उठली नाही. तिने विचारलं, "अन् माझं होईल का?" माझ्याकडे पाठ करून तिने पदर खाली घेतला. बाईंनी पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पांढरे झालेत. लेझरला काळा केस लागतो."

"म्हंजे मशीन बी वय बघती," आत्या म्हणाली आणि पदर पुन्हा वर गेला.

त्यानंतर ती डॉक्टरांहून कडक झाली. केस उपटायचे नाहीत, धागा फिरवायचा नाही, लेझरच्या आधी फक्त वस्तऱ्याने काढायचे. पोरीच्या तोंडाला वस्तरा म्हणून आईने कपाळाला हात लावला, तर आत्याने दार लावून घेतलं. लेझर झालं की गार पाण्याची पट्टी, चोळणं बंद, बाहेर पडताना सनस्क्रीन आणि छत्री. कापूस वेचायला तिने मला जाऊ दिलं नाही. "राणीसाहेब सावलीत," आई म्हणायची. "तिच्या वाटणीचा मी वेचते," आत्या म्हणायची आणि वेचायची. संध्याकाळी तिची बोटं बोंडांनी ओरबाडलेली असायची. माझ्या हनुवटीच्या मलमाची ट्यूब माझ्यापुढे सरकवून ती म्हणायची, "तूच लाव. माझा हात खरबरीत हाय."

माझं लग्न घाईत ठरलं. हळदीच्या आदल्याच दिवशी लेझर झालं होतं, हनुवटी लाल होती. मांडवात बायका हळदीच्या वाट्या घेऊन पुढे आल्या, तशी आत्या छत्री उघडून माझ्या शेजारी उभी राहिली.

"हातापायाला लावा. तोंडाला न्हाई."

"नवरी हाय का काचंचं भांडं?" कुणीतरी म्हणालं. बायका हसल्या. मग माझी चुलत काकू हळदीची मूठ घेऊन वाकली. "जिला हळद लागली न्हाई, ती आम्हाला हळद शिकवून राह्यली!"

हसणं थांबलं. आत्याच्या एका हातात छत्री होती. दुसरा हात पदरावर. तो तिने सोडला आणि तळवा माझ्या हनुवटीपुढे धरला, कातडीला न टेकवता. पदर घसरला. ते पांढरे केस सगळ्या मांडवाने पाहिले.

"म्हणूनच शिकवून राह्यले, वहिनी," ती म्हणाली. "पायाला लावा."

काकूने हळद पायाला लावली. तिच्यानंतर सगळ्यांनी पायालाच लावली. हळद संपेपर्यंत आत्याने हात हलवला नाही आणि पदरही उचलला नाही. त्या दिवसानंतर पदर खांद्यावरच राहिला.

बसमधून उतरून मी घरी पोचले तेव्हा बायकांनी तिला अंघोळ घालून नवं लुगडं नेसवलं होतं. कुणीतरी सवयीने पदर हनुवटीपर्यंत ओढला होता. मी तो खाली घेतला.

आता थकवा आहे. शाळा आहे, घर आहे, वर्षाकाठी एकदा मस्तगडला जाणं आहे. चार-दोन केस पुन्हा येतातच. छत्री माझ्याकडे आहे. हनुवटीवर डाग नाही.