हारलेल्या मॅचचे पेढे

बायांनो, आज सिंदेवाहीले नातीची, रोशनीची, बास्केटबॉलची मॅच पाहून आली. ऊन लय होतं, पण ते जाऊ द्या. पोरगी गुडघ्याले पट्टी बांधून खेळते, तरी सगळ्यात जास्त पॉइंट तिचेच!

माझ्या मागं दोन गडी भांडून राह्यले होते. एक म्हणे, "दरवेळी हे सर तिलेच काऊन पळवतात? लंगडी होईल पोरगी."

दुसरा म्हणे, "ती बसली तर मॅच गेली ना बे!"

मी वळून म्हटलं, "भाऊ, गुडघा तिचा आहे. तिले विचारा ना."

तेवढ्यात रोशनीनंच हात वर केला. "सर, गुडघा लय दुखून राह्यला. मले बसू द्या."

सरांनी बसवलं. मॅच थोडक्यात गेली. मी मात्र पिशवीतले पेढे काढून वाटले.

मागचा दुसरा गडी चिडला, "हारल्यावर पेढे कायचे, आजी?"

म्हटलं, "धानाचा रोवणा करता करता मी म्हातारी झाली. कंबर मोडली, पण बांधीतल्या चिखलात उभी राहून कधी 'मले बसू द्या' म्हटलं नाई. माझ्या नातीनं भर मैदानात म्हटलं, त्याचे!"

तुम्ही कधी म्हटलं का, बायांनो?