आभाळातले बाबा

…तर काल चहा निवला म्हणून थांबलो होतो, तिथूनच पुढं सांगतो. राजधानीहून आलेल्या त्या चष्मेवाल्या विद्वानानं आमच्या तालुक्याच्या दप्तरखान्यातली नोंदकार्डं तीन दिवस बसून उतरवून घेतली आणि वर्षाच्या आत पुस्तक छापलं. त्यात लिहिलं होतं, की साझ-तेरेक गावात 'मेंढीचे धाकटे' नावाचं एक जुनं घराणं होतं आणि त्याचा मूळ पुरुष बहुधा मेंढ्यांचा वैद्य असावा. पुस्तक गावात आलं तेव्हा आम्ही डोळ्यांत पाणी येईतो हसलो. तो मूळ पुरुष म्हणजे माझे चुलते कोझुबाय. कोझू म्हणजे कोकरू. त्यांना साधा खोकला झाला तरी ते दुसऱ्याकडून औषध विचारून आणायचे, मेंढ्यांना कसलं देतायत.

आणि ती कार्डं लिहिली होती माझ्या वहिनीनं, बुरमाकाननं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून आजपर्यंत, म्हणजे साठ वर्षांत, तिनं सासरच्या एकाही माणसाचं नाव तोंडातून काढलेलं नाही. आमच्याकडच्या सुना काढतच नाहीत. पण बाकीच्या सुना निदान शब्द तरी वापरतात. ही शब्दही सोडून बसली. माझे वडील तेमिरकुल, तेमिर म्हणजे लोखंड, म्हणून लोखंडाला ती 'घणाखालचं' म्हणायची. दुसरे चुलते ताशतान, ताश म्हणजे दगड, म्हणून दगड झाला 'पायाला टोचणारा'. एकदा ती कुरणावरून धावत आली आणि म्हणाली, "अहो, मेंढीचं धाकटं पायाला टोचणाऱ्यात आणि घणाखालच्यात अडकलंय." आम्ही चौघं पुरुष तंबूच्या दारात उभं राहून अर्थ लावत बसलो. अर्थ लागेपर्यंत कोकरू पाण्याच्या लोखंडी पन्हाळीखालून आपणच सुटून तिच्या मागं येऊन उभं होतं.

माझंही नाव ती घेत नाही, मी धाकटा दीर असून. तिनं मला 'छोट्या' केलं. ती आली तेव्हा मी सातवीत दुसऱ्यांदा बसलो होतो, आज पंच्याहत्तरी झाली, तरी बाजारात भर गर्दीत हाक येते, "छोट्या, कांदे बघून घे." लोक वळून बघतात, तर पांढऱ्या दाढीचा म्हातारा पिशवी घेऊन उभा.

दप्तरखान्यात ती गेली ती फरशी पुसायला. जुन्या दवाखान्याची इमारत, दोन खोल्या. थंडीत शेगडी पेटवली, की भिंतींतून अजून आयोडीनचा वास येतो. तेव्हाच्या साहेबानं एकदा तिचं किराण्याच्या कागदावरचं अक्षर पाहिलं आणि फडकं काढून घेऊन हातात लेखणी दिली. मग एकतीस वर्षं तिनं तिथल्या वस्तूंना नंबर दिले आणि फोटोंना कार्डं लिहिली. वस्तूंवर चिठ्ठी चिकटवायची नाही, कापडाची पट्टी शिवायची, हे तिचंच. म्हणते, खळ उंदरांना आवडते, दोरा आवडत नाही. आमच्या आजोबांचं मोडक्या खुंटीचं खोगीर, बायकांच्या वेणीत अडकवायचे चांदीचे गोळे, घोडीचं दूध आंबवायची कातडी पिशवी, सगळ्यांवर तिचे टाके आहेत. त्या पिशवीला अजून असा आंबूस वास येतो, की मी दर खेपेला एकदा नाक लावतोच. ती म्हणते, "छोट्या, ठेव ती. पन्नास वर्षं रिकामी आहे." निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी मंगळवारी आणि शुक्रवारी ती तिथं असतेच. नेतो मी, माझ्या गाडीतून. गाडी चढावर खोकते, तशी वहिनीही खोकते, आणि दोघींना धीर देत मी वर पोहोचवतो.

मागच्या पानगळीत वरून कागद आला. दप्तरखाना नव्या इमारतीत जाणार. ज्या फोटोतल्या माणसांची नावं नोंदीत आहेत ते तालुक्यातच राहतील. ज्यांची नाहीत ते 'अनोळखी' म्हणून खोक्यात भरून राजधानीच्या गोदामात जातील. हल्लीची संचालिका मीरिम, एकतीस वर्षांची पोर, हुशार आणि सरळ. तिनं वहिनीची कार्डं काढली आणि डोक्याला हात लावला. सगळीकडं घणाखालचे बाबा, पायाला टोचणारे बाबा, मेंढीचे धाकटे.

"आजी, ही नावं नाहीत," ती म्हणाली.

"माहितेय मला," वहिनी म्हणाली. "माणसं तीच आहेत पण."

तोडगा सोपा निघाला, कारण मी होतो. चेहरे वहिनीला ठाऊक, तिची भाषा मला ठाऊक. ती कार्ड वाचायची, मी नाव सांगायचो, मीरिम लिहायची. गुरुवारी दुपारपर्यंत चाळीस फोटो झाले. मध्ये कणकेचे तळलेले बोरसोक खाल्ले, चहा तीनदा झाला. मी प्रत्येक नावाबरोबर त्या माणसाची एकेक गोष्ट सांगत होतो, म्हणून वेळ लागला असं मीरिमचं म्हणणं. असेल.

शेवटी एकच फोटो राहिला. आमच्याच घरचा. एकोणीसशे सदतीसचा उन्हाळा, कुरणावरचा तंबू, पुढं सात माणसं. सहा मी ओळखली. सातवा कडेला उभा, पायात उंच बूट, डोक्यावर पांढरी, लोकरीच्या नमद्याची टोपी, आणि टोपीच्या खाली चेहराच नाही. सुईनं खरवडून काढलेला. पांढरा ठिपका. कार्डावर वहिनीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आभाळातले बाबा.'

"हे कोण?" मी विचारलं.

"तुझे धाकटे चुलते."

"मला दोनच चुलते होते."

"तीन होते, छोट्या."

पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला नवीन चुलता मिळाला. मी फोटोतली माणसं बोटानं पुन्हा मोजली.

वहिनीनं मग सांगितलं. अडतीस साली सरकारी माणसांनी त्यांना घरातून नेलं. का नेलं ते सांगणारा कुणी नव्हता, विचारणाराही नव्हता. पुढच्या आठवड्यात माझ्या आईनं घरातला एकुलता एक फोटो काढला आणि सुईनं दिराचा चेहरा खरवडला, कारण ज्याला नेलं त्याचा फोटो घरात सापडला तर पुढं कुणाला नेतील याचा भरवसा नव्हता. वडिलांनी भावाचं नाव पुन्हा काढलं नाही. आम्ही पोरं जन्मलो ती त्या गप्पपणातच. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं मुलांना बाहेर घालवलं आणि सुनेला जवळ घेतलं.

"मला म्हणाल्या," वहिनी फोटोकडं बघत बोलत होती, "चेहरा मी घालवला. नाव तुझ्याकडं देते. मुलं दारू पितात, बोलून जातील. सुनेच्या तोंडून सासऱ्याचं नाव कधी बाहेर पडत नाही, म्हणून तुला. काळ फिरला, की बाहेर काढ."

"मग काढलं का नाहीस?"

"कसं काढू? माझ्या तोंडून ते पडत नाही म्हणून तर मला दिलं. चाळीस वर्षं तेच कोडं घेऊन बसलेय. फोटो इथं आणला, कार्ड लिहिलं. वाटलं, कुणीतरी वाचून विचारेल. विचारलं ते त्या चष्मेवाल्यानं. त्यानं लिहून घेतलं, ढगांची पूजा करणारा म्हणून."

मीरिमनं हळूच वही पुढं सरकवली. "आजी, बोलू नका. लिहा फक्त."

"लिहिणंही नाव घेणंच झालं, पोरी. नाहीतर ही सगळी कार्डं मी अशी कशाला लिहिली असती?"

खोकं दाराशी तयार होतं. गाडी शुक्रवारी सकाळी येणार होती. वहिनीला त्या दिवसांत दम लागत होता, आणि आम्हा तिघांनाही कळत होतं की हे नाव तिच्याबरोबर गेलं, की चुलत्यांना दुसऱ्यांदा नेल्यासारखं होईल. मी छाती काढून म्हणालो, "वहिनी, घरात आता मीच मोठा. मी परवानगी देतो. घे नाव."

ती मीरिमकडं वळून म्हणाली, "सातवीत दोनदा बसलेला पोर मला परवानगी देतोय."

"दोनदा बसलो म्हणून पक्कं झालं माझं."

"मग ओळख की."

ओळखायला बसलो. आभाळातले म्हणजे काय काय असतं? "आयबेक," मी म्हणालो, चंद्र धरून. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली. सूर्य धरून दोन नावं टाकली, तारा धरून एक, ढग धरून एक, ते नाव मी तिथंच बनवलं आणि मीरिमनं पकडलं. वहिनी हलली नाही. मग तिनं उजवी मूठ वळली आणि छातीसमोर आडवी धरली, जशी आमचे शिकारी पक्षी बसवायला धरतात.

"हां," मी म्हणालो. "बुर्कुत." गरुड.

"एवढ्या जड पाहुण्याला माझा हात पुरेल का, छोट्या?"

"शुमकार. इलाचिन. कारचिगा." ससाणे, बाज, सगळे उडवून झाले. लहानपणी मी पक्ष्यांच्या मागं शाळा बुडवली, ती अशी कामाला येत होती. वहिनीनं मूठ आणखी लहान केली, मनगट खाली आणलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी दाखवलं, एवढा. कबुतराएवढा. आमच्या गवताळ रानात चंडोलांच्या मागं तीरासारखा लागतो तो. मी खूप वर्षांत त्याचं नाव घेतलं नव्हतं. घरात त्या पक्ष्याला सगळे 'चिमण्यांचा काळ' म्हणायचे, वडीलसुद्धा. का म्हणायचे, ते मला त्या क्षणी कळलं.

"तुरुमताय," मी म्हणालो.

वहिनी खुर्चीवरून उठली. गुडघे दुखतात म्हणून ती कुणासाठी उठत नाही, तालुक्याच्या साहेबांसाठीही नाही. ती उठली, रुमाल सारखा केला, उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि दाराकडं तोंड करून वाकली, घरात सासरा आल्यावर सून वाकते तशी. मीरिम दाराकडं बघायला लागली. मीही बघितलं. खोटं कशाला सांगू, बघितलं.

मग मीरिमनं नाक पुसलं आणि नवं कार्ड घेतलं. तुरुमताय, तेमिरकुलचा धाकटा भाऊ, साझ-तेरेक, सदतीसचा उन्हाळा. दाराशी ठेवलेलं खोकं तिनं पायानं बाजूला सारलं. कार्डाच्या तळाशी एक रकाना असतो, माहिती कुणी दिली त्याचा. तिथं तिची लेखणी थांबली.

"आजी, इथं काय लिहू? नाव तर या आजोबांनी घेतलं."

वहिनी तोवर बसली होती, थंड झालेला चहा दोन्ही हातांत धरून. म्हणाली, "लिही, घरच्या सुनेनं. तिनं नाव घेतलं नाही म्हणून लिही, आणि विसरलीही नाही म्हणून लिही."