दर्याकाकूंचा मुराळी

जालन्यापासून समुद्र किती लांब आहे, हे भूगोलाच्या पुस्तकात सापडेल. पण दर्याकाकूंना ते मान्य नव्हतं. मोती तलावाला त्या सरळ ‘दर्या’ म्हणायच्या. ‘‘दर्या आज गप आसा,’’ नाहीतर ‘‘दर्यार वारो सुटलो हा,’’ असं तव्याकडं बघत त्यांचं चालू असायचं, आणि पलीकडं त्याच दर्यात नामाभाऊ गवळ्यांच्या म्हशी डोळे मिटून डुंबत असायच्या. नवं गिऱ्हाईक हसायचं. दुसऱ्या खेपेला तेच गिऱ्हाईक विचारायचं, ‘‘काय काकू, काय म्हणतो दर्या?’’

तलावाच्या काठाला चिंचेखाली एक निळी मॅटॅडोर उभी असायची. उभी म्हणजे कायमचीच. ती काकूंच्या यजमानांची. ते जुन्या जालन्यातले. गोण्या घेऊन कोकणात जायचे आणि मालवणाकडच्या एका बंदरावरच्या खाणावळीत जेवायचे. एका खेपेला गोण्या तिकडं उतरवल्या आणि खाणावळवाल्याची मुलगी इकडं घेऊन आले. पुढं काका गेले, त्यांच्या मागोमाग इंजिनही गेलं. काकूंनी मॅटॅडोरची एक बाजू कापून खिडकी केली, आत शेगडी मांडली आणि धंदा सुरू केला. मी तेव्हा तलावापलीकडच्या शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. ऐंशी-पंच्याऐंशीचे दिवस. शाळा सुटली की आम्ही दोघी-तिघी बाया पदर खोचून तिथल्या दगडांवर बसायचो. जालन्यात बायकांनी असं उघड्यावर बसून खाणं तेव्हा सोपं नव्हतं, पण काकूंच्या गाडीपुढं कुणाची बोलायची टाप नव्हती.

त्या पदार्थाला आम्ही ‘घडी’ म्हणायचो. ज्वारीच्या पिठात थोडं तांदळाचं पीठ घालून केलेली तळहाताएवढी भाकरी तव्यावर असतानाच दुमडायची. आत तळलेल्या माशाचा तुकडा, शाकाहारी असाल तर वांग्याचे काप. त्यावर आपला हिरव्या मिरचीचा ठेचा, ठेच्यावर ओल्या खोबऱ्याची चटणी, आणि सगळ्यात वर गूळ-मोहरीत मुरवलेलं अननस. ठेच्यावर अननस! माझ्या सासूबाईंनी नुसतं ऐकूनच कपाळावर हात मारला होता. काकूंचं म्हणणं असं, ‘‘गोड नि तिखट एका घरात नांदूक होया. आमचो संसार तसोच झालो.’’ पहिल्या घासाला जीभ गोड व्हायची आणि दुसऱ्याला नाक गळायला लागायचं. आज माझ्या घरी चार प्रकारची लोणची आहेत, पण त्या चवीची आठवण आली की जेवण नकोसं होतं.

काकूंचा एक नेम होता. गाडीपुढं कितीही गर्दी असो, पहिली घडी मुराळ्याची. लेकीला किंवा बहिणीला सासरहून न्यायला येतो तो मुराळी. पंचमी आली, दिवाळी आली की अशी माणसं एसटीतून उतरून तलावावरून गावात जायची. धुतलेली टोपी, हातात पिशवी, चेहऱ्यावर थोडा मान आणि थोडी धास्ती. काकू त्यांना लांबूनच हेरायच्या. माझा धाकटा भाऊ माहेराहून, धावड्याहून, मला न्यायला आला, तेव्हा मी लाइनीत होते. त्याला पाहताच त्यांनी मला बाजूला सारलं. ‘‘मुराळी ना रे? बस. आधी तू.’’ मग त्याला विचारत राहिल्या, आई बरी आहे का, घरी काय काय केलंय, बहिणीसाठी काय आणलंस. जणू तो त्यांच्याच माहेराहून आला होता. मला तेव्हा मजा वाटली आणि थोडा रागही आला, कारण माझी घडी करपली होती.

‘‘काकू, तुमचा मुराळी कधी येतो?’’ एकदा मी सहज विचारलं. त्यांनी तव्यावरची भाकरी दुमडली.

‘‘येतलो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘भाव हा माजो. मी न सांगता इलय, आता न बोलावता कशी जाव? तो येतलो नि नेतलो.’’

एवढ्या वर्षांत तो आला नव्हता. काकूंना माहेर पाहायचं होतं, भावाचं तोंड पाहायचं होतं, खारा वारा खायचा होता. पण मूळ, म्हणजे न्यायला माहेरचं माणूस, आल्याशिवाय लेकीनं माहेरची पायरी चढू नये, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. पळून आलेल्या बाईनं रीत इतकी घट्ट धरून बसावं, याचं मला नवल वाटायचं.

नारळी पौर्णिमेला काकू गाडी बंद ठेवायच्या. नवी साडी नेसून पाण्याशी जायच्या, नारळाच्या शेंडीला राखी बांधायच्या आणि तो पाण्यात सोडायच्या. राखी भावाची. एकदा मी मास्तरकी दाखवली. म्हटलं, ‘‘काकू, हे पाणी गोदावरीला मिळतं आणि गोदावरी जाते पूर्वेला. तुमचं माहेर पश्चिमेला.’’

‘‘म्हणजे लांबसून जाता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जावं दे. माका खंय घाई आसा?’’

पण तो नारळ पूर्वेलाही जायचा नाही. आपल्याकडं नारळ फोडायचा आणि प्रसाद खायचा, हे ठाऊक. चांगला अख्खा नारळ कुणी पाण्यात टाकील, असं कुणाच्या मनात येईल? तिकडं म्हशी धूत असलेले नामाभाऊ धोतर खोचून पोहत जायचे आणि नारळ घेऊन निथळत वर यायचे. ‘‘काकू, तुमचं नारळ पडल्तं पाण्यात! वाहून चालल्तं, पर म्या सोडतो व्हय?’’ चेहरा असा फुललेला, की मेडल द्यावं. काकू त्यांना कधीही रागावल्या नाहीत. ‘‘दर्यान परत दिल्यान,’’ एवढंच म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याची चटणी व्हायची. आम्हीही नामाभाऊंना काही सांगितलं नाही. वर्षाकाठी एवढी एक करमणूक आम्हाला हवी होती, खोटं कशाला बोलू.

एका वर्षी श्रावण आला, पण तलावात पाणी नव्हतं. मधे डबकं आणि भोवती सगळा गाळ. काकू तरीही नवी साडी नेसून आल्या. नारळ टाकला तो गाळात धप्पकन रुतून बसला. काकू खाली बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘आता कोण येवचो नाय गो.’’ त्यांच्या तोंडून हे मी प्रथमच ऐकत होते. मी नामाभाऊंना बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं, राखी कुणाची, नारळ कशाला, सगळं. ते गुडघाभर गाळात शिरले, नारळ उपसून आणला, शेंडीची राखी सोडली आणि काकूंपुढं मनगट धरलं. ‘‘इतकी वर्सं तुमचं नारळ माझ्याच हातात येऊन राह्यलं,’’ ते म्हणाले. ‘‘बांधा मंग.’’

आणि दिवाळीच्या तोंडावर गाडीपुढं एक माणूस उभा राहिला. धुतलेली टोपी, हातात पिशवी. आम्ही ओळखलंच नाही. नामाभाऊंना अंगात सदरा घातलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

‘‘काकू, मूळ आलंय. चला माहेरी.’’

‘‘काय तरीच काय!’’ काकू म्हणाल्या. ‘‘न बोलावता कशी येव?’’

‘‘मुराळी दारात आल्यावर बाईनं न्हाई म्हणायचं नसतंय.’’

काकूंनी एक घडी केली, अननस जरा जास्तच घातलं आणि नामाभाऊंच्या हातात ठेवली. ‘‘बस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आधी तू.’’ दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं गेले. औरंगाबादच्या पलीकडं न गेलेला माणूस बहिणीला समुद्रावर घेऊन निघाला होता.

नामाभाऊ एकटेच परत आले. सांगू लागले, ‘‘भाऊ म्हातारा झालाय. दारात बसल्ता. मला विचारलं, तुम्ही कोण? म्या म्हणलं, मुराळी. मंग आत गेला आन् पाय धुवायला पाणी घेऊन आला.’’ काकू थोडे दिवस राहणार होत्या. मॅटॅडोरची किल्ली त्यांनी नामाभाऊंकडं दिली होती, आणि तव्याला तेल लावून ठेव म्हणून बजावलं होतं.

ते थोडे दिवस संपले नाहीत. माहेरी गेलेल्या बाईला परत आणायला सासरच्या माणसाला जावं लागतं. काकूंना सासरचं आता आम्हीच होतो, पण त्यांना तिथून उठवायला आमचं मन धजलं नाही. नामाभाऊ दर शनिवारी तव्याला तेल लावत. मी शाळा सुटल्यावर उगाच चिंचेखालून जायची आणि बंद खिडकी बघून घराकडं वळायची. आपणच पाठवलं आणि आपणच वाट बघत बसलो. मला त्यांची फार आठवण यायची.

बऱ्याच वर्षांनी, तलाव पुन्हा भरला होता तेव्हा, नारळी पौर्णिमेला एक परका तरुण मॅटॅडोरपाशी आला. हातात पिशवी. काकूंचा भाचा. काकूंच्या माहेरचं माणूस अखेर जालन्याला आलं, पण न्यायला नाही, काकू गेल्याचं सांगायला. पिशवीत त्यांच्या दारातल्या माडाचा एक नारळ होता. शेवटी शेवटी त्यांनी सांगून ठेवलं होतं, माझा नारळ माझ्या दर्यात सोड, जालन्याला. त्यानं तो सोडला. आम्ही हात जोडून उभे होतो, तोवर म्हशींबरोबर पोहणारी दोन पोरं धापा टाकत वर आली.

‘‘ओ, तुमचं नारळ पडल्तं!’’

भाचा गोंधळला. नामाभाऊंनी डोळे पुसत नारळ घेतला आणि मॅटॅडोरच्या पायरीवर फोडला. माझ्या डब्यात भाकरी आणि ठेचा होता. मी भाकरीत ठेचा घातला, खोबऱ्याचे तुकडे घातले, दुमडली आणि त्याच्यापुढं धरली.

‘‘बस,’’ मी म्हटलं. ‘‘आधी तू.’’

त्यानं घास घेतला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं. तो पाण्यातल्या म्हशींकडं पाहू लागला.

‘‘आते रोज सांगायची,’’ तो म्हणाला, ‘‘माज्या दर्यात म्हशी आसत म्हणून. आमका खोटा वाटायचा.’’