गोचीडचा एकमेव गोल

विल्मार एचेबार्ने एकोणीस हंगाम पासो व्हिएहो फुटबॉल क्लबच्या बचावफळीत खेळला आणि त्याने एकही गोल केला नाही. मोन्तेविदेओतले फॉरवर्ड त्याला गोचीड म्हणत. चिकटला की सुटत नसे. कॉर्नरच्या वेळी तो समोरच्याच्या सासूची तब्येत विचारी, तेवढ्यात त्याच्या बुटाच्या नाडीवर पाय ठेवलेला असे. सामना संपला की त्याच माणसाला आपल्या थर्मासमधला कडू माते-चहा पाजी. लाल कार्डं अकरा. त्यांतली सात, त्याच्या मते, अन्यायाची.

निरोपाच्या सामन्याला त्याची आई, दोन्या एलिदा म्हणजे एलिदाबाई, कठड्याजवळ खुर्ची टाकून बसली होती. वय शहाऐंशी, नजर अंधूक. मरायच्या आधी पोराचा एक गोल हवा, एवढंच तिचं मागणं होतं. अशा सामन्यात उत्सवमूर्तीला एक पेनल्टी मिळते आणि समोरचा गोलकीपर चुकीच्या बाजूला झेपावतो, असा इथला रिवाज. पंच्याऐंशीव्या मिनिटाला ते उरकायचं ठरलं होतं.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला पाहुण्या संघाला कॉर्नर मिळाला. मिल्तोन ओलास्क्वागा, गोचीडचं जुनं गिऱ्हाईक, पोट सांभाळत गोलसमोर आला. गोचीडने सासूची चौकशी केली. ती वारली होती. गोचीड मनापासून हळहळला आणि त्याच वेळी त्याने ओलास्क्वागाची जर्सी धरून खाली ओढली. ओलास्क्वागा आडवा. पंच ढगांकडे बघू लागले.

गोचीड त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. “न केलेल्यासाठी तुम्ही लोकांनी मला सात वेळा बाहेर काढलंत, साहेब. आज केलंय, तर शिट्टी हरवली?”

पंचांना पेनल्टी द्यावीच लागली. ओलास्क्वागाने चेंडू ठेवला, जरा विचार केला आणि तो गोचीडच्या हातात दिला. “तूच मार. जाळी ती जाळीच.”

“माझ्याच क्लबवर?”

कठड्यावरून आई ओरडली, “मार की मेल्या. मला इथून बाजू थोडीच कळतेय.”

त्याच्याच संघाचा गोलकीपर मुकाट एका खांबाकडे सरकला. गोचीडने धाव घेतली. पण समोर आपला गोल आणि पायाशी चेंडू, अशा वेळी त्याच्या पायाला एकच गोष्ट येत होती. चेंडू गोलवरून, भिंतीवरून, थेट बसथांब्यावर गेला. अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. इतका साफ उडवलेला चेंडू त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

“झाला का?” आईने शेजारी बसलेल्या खाटकाला विचारलं. पोराच्या नसलेल्या गोलांवरून एकोणीस वर्षं तिला टोमणे मारणारा हाच माणूस. त्याने मैदानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“झाला, दोन्या एलिदा. वरच्या कोपऱ्यातून.”

ती उठून दोन्ही हात हलवू लागली. दोन मिनिटांनी पंचांनी ठरल्याप्रमाणे दुसऱ्या टोकाला पेनल्टी दिली आणि गोचीडला बोलावलं. तो कठड्याकडे बघत होता.

“राहू द्या, साहेब,” तो म्हणाला. “दोन झाले तर तिला संशय येईल.”